जुनं घर आणि त्याचा गोठा दुरुस्त करायचाय, सुरुवात कुठून करू?

वळचण

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

वस्तीपासून थोडं आत एक जुनं घर आणि त्याच्या मागचा मोठा गोठा आमच्या ताब्यात आलाय. थंडीत नुसती चक्कर मारून आलो होतो, आता दिवस मोठे झालेत, हवा कोरडी आहे, तर पाऊस लागायच्या आत जेवढं होईल तेवढं करून घ्यायचंय. घराचं म्हणाल तर दगडी जोतं, वर विटांच्या भिंती मातीत आणि चुन्यात बांधलेल्या, छपरावर कौलं, दोनतीन ठिकाणी गळतं. उद्या राहायला जाता येणार नाही पण पडायला आलंय असंही नाही.

खरी काळजी गोठ्याची आहे. जाड लाकडी खांब, तुळया, वर वैरणीचा माळा, खाली गव्हाणी, बाहेरून छातीपर्यंत दगडी भिंत. छपराला अर्धा गंजका लोखंडी पत्रा आणि अर्धा तो करडा सिमेंटचा नालीदार पत्रा. सगळा सांगाडा एका बाजूला झुकलाय, नुसत्या डोळ्याला कळतं इतका. जमिनीवर शेणमातीचा वर्षानुवर्षांचा थर, माळ्यावर काळं पडलेलं गवत, उंदरांच्या लेंड्या, आणि भिंतीच्या खालच्या दोन फुटांत पांढरी पावडर येते, तिथला गिलावा बोटाने खरवडला तरी निघतो.

आत्तापर्यंत ज्यांना दाखवलं त्यातले एक म्हणाले गोठा पाडा आणि लोखंडी शेड टाका, दुसरे म्हणाले सगळीकडून सिमेंटचं प्लॅस्टर मारा, खाली काँक्रीट ओता, आतून ऑइलपेंट, विषय संपला. मला पाडायचा नाहीये. असं लाकूड आता बघायलाही मिळत नाही, आणि ज्याने कोणी तो उभा केला त्याने मनापासून केलाय हे सांध्यासांध्यात दिसतं. अर्ध्यात वर्कशॉप आणि अर्ध्यात चार शेळ्या-कोंबड्या असा विचार आहे. बजेट बेताचं, बरंचसं काम आम्ही दोघं स्वतः करणार, लागेल तिथे माणूस लावू.

तर घर आधी की गोठा आधी? सिमेंट की चुना? आणि कुठलं लाकूड ठेवायचं, कुठलं काढायचं हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

---

ओळंबा

वळचणताई, पाडण्याचा निर्णय आत्ता अजिबात घेऊ नका. झुकलेले सांगाडे सरळ होतात, खांबांचे पाय आणि मुख्य तुळया शाबूत असल्या की झालं.

घर आधी की गोठा आधी असा विचार करण्यापेक्षा पाणी आधी असा करा. दोन्हीकडची छपरं, दोन्हीकडच्या पन्हळी, दोन्हीकडचा जमिनीचा उतार, हे या सीझनला झालं तर बाकी सगळं पुढच्या वर्षी केलं तरी चालेल, आणि हे नाही केलं तर आतमध्ये कितीही छान काम करा ते वाया जाणार. भर दुपारी आत जाऊन दारं लावून घ्या आणि वर बघा, जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं, खडूने खाली जमिनीवर खूण करून ठेवा. मग बाहेरून पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जुन्या गोठ्यांना बहुतेक वेळा पन्हळच नसते, सगळं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं, तिथून चिखल उडून भिंत भिजते आणि खांबांचे पाय कुजतात. छपराला पन्हळ आणि तिचं पाणी लांब नेणारा पाइप, एवढ्याने निम्मी ओल थांबते.

दुसरं म्हणजे बाहेरची जमीन. वर्षानुवर्षं शेण, माती, पालापाचोळा साठून ती वर चढलेली असते, कित्येकदा आतल्या जमिनीपेक्षाही वर. ती उकरून आतल्या पातळीपेक्षा निदान वीतभर खाली न्या आणि भिंतीपासून लांब उतार द्या, पहिल्या १० फुटांत ६ इंच तरी. फक्त एक, उकरताना भिंतीचा पाया कुठे संपतो ते आधी एका कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन बघा. जुन्या गोठ्यांचे पाये फार उथळ असतात आणि पायाच्या खाली गेलात तर भिंत बसते. एका दिवसात सगळी लांबी मोकळी करू नका, थोडा थोडा भाग घ्या.

आता ती पांढरी पावडर. ते क्षार आहेत, आणि गोठ्यात ते घरापेक्षा कितीतरी जास्त असतात कारण जनावरांच्या मुतातून नायट्रेट भिंतीत शिरतं. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच गोठ्या-तबेल्यांच्या मातीतून काढत. हे क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात, कोरडे झाले की स्फटिक फुगतात आणि वीट-दगड-गिलावा आतून फोडतात. त्यावर सिमेंटचं प्लॅस्टर मारलं की ओल आत कोंडते, वर चढते, आणि दोनेक वर्षांत प्लॅस्टर फुगून विटेचा पापुद्रा घेऊनच खाली येतं. चुन्याचा गिलावा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो, क्षार स्वतःत घेतो. खराब झाला की तो काढून पुन्हा करता येतो, भिंत वाचते. म्हणून जुना सैल गिलावा काढा, कोरड्या ब्रशने क्षार झाडा (पाण्याने धुवू नका, परत आत जातात), झाडलेली पावडर गोळा करून लांब टाका आणि भिंत जमेल तितके दिवस तशीच उघडी वाळू द्या. घाई इथे नको.

चुन्याला वसंत फार चांगला. रात्री गोठवणारी थंडी नको, ५ अंशाखाली काम करू नये, आणि रणरणतं ऊनही नको. साधारण १ भाग चुना ३ भाग चांगली कडक वाळू, एका थरात १० मिलिमीटरच्या आसपास, आणि नंतर काही दिवस ओली पोती लावून हळूहळू सुकू द्यायचं. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो, महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे आठवड्यात दगड होईल अशी अपेक्षा ठेवू नका. दगडी भिंतीच्या दर्जाही (दगडांमधल्या फटी) त्याच चुन्याने भरा, सिमेंटने नाही.

---

रंधा

ओळंबा यांनी भिंतीचं सांगितलं, मी लाकडाचं बोलतो.

एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि एक हातोडी घ्या. प्रत्येक खांबाच्या पायाशी, प्रत्येक तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी आणि छपर गळतं त्याच्या खाली स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. चांगल्या लाकडात टोक फार तर थोडंसं रुततं, कुजलेल्यात इंच-दीड इंच सहज जातं आणि लाकूड उभे-आडवे तडे जाऊन चौकोनी ढलप्या पडतात. हातोडीने ठोकलं तर खणखणीत आवाज की बद्द आवाज हे चार खांब ठोकले की कान आपोआप शिकतो. वरून काळं, भेगाळलेलं, घाण दिसणारं लाकूड पुष्कळदा आतून एकदम ठणठणीत निघतं, आणि वरून रंगवलेलं छान दिसणारं आतून भुसा. रंगावर जाऊ नका.

ओलाव्याचं मीटर मिळालं तर जरूर घ्या. २०% च्या खाली असलेल्या लाकडाला बुरशी लागत नाही, त्याच्या वर सतत राहिलं की कुज सुरू व्हायला वाव मिळतो. म्हणजे कुजलेला भाग काढायचाच पण त्याआधी त्याला भिजवणारं पाणी बंद झालंय याची खात्री, नाहीतर नवीन तुकडाही त्याच वाटेने जाणार.

किडीचं म्हणाल तर भोकं बघून घाबरू नका. १-२ मिलिमीटरची गोल भोकं बहुतेक जुन्या लाकडांत असतात, प्रश्न एवढाच की कीड अजून आहे का. भोकं आतून काळपट झाली असतील तर जुनी, कडा ताज्या आणि खाली फिकट पीठ पडत असेल तर चालू. खाली काळा कागद चिकटवून ठेवा आणि उन्हं तापायला लागली की बघा, कारण भुंगे बाहेर पडतात ते याच दिवसांत. वाळवी वेगळी, ती जोत्यावरून पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळ्या करून चढते, नळी फोडून दोन दिवसांनी बघा, परत बांधली तर वारूळ जिवंत आहे, त्यासाठी माणूस बोलवा.

झुकण्याबद्दल. आधी ते अजून वाढतंय का ते कळायला हवं. चारही कोपऱ्यांच्या खांबांना वरून ओळंबा सोडा, वर आणि खाली खांबापासून दोरीचं अंतर मोजून लिहून ठेवा, तारीख टाका. आणि आजच्या आज, म्हणजे काहीही दुरुस्त करायच्या आधी, आतून तिरकस धिरे (आधाराचे वासे) द्या. पत्रा काढायला वर चढाल तेव्हा सांगाडा हलायला नको. सरळ करायचं काम वायररोप आणि टर्नबकल (पिळून दोर ताणायचा स्क्रू) किंवा चेनब्लॉक (साखळीची कप्पी) लावून, अगदी थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ देत. खाली बसलेली तुळई जॅकने उचलायची तरी तेच, जुने सुतार दिवसाला ३ मिलिमीटरच्या आसपास उचलतात. लाकूड इतकी वर्षं त्या आकारात बसलंय, त्याला परत यायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की सांध्यातली कुसवं (खाचेत बसणारी लाकडाची टोकं) फुटतात. जॅकखाली जाड फळ्या, कच्च्या मातीवर जॅक कधीच नाही. हे काम मात्र एकट्या-दुकट्याने करू नका, जुन्या लाकडी सांगाड्याची माहिती असलेला इंजिनिअर किंवा अनुभवी सुतार एकदा येऊन बघून जाऊ दे, त्यावर झालेला खर्च तुम्हाला पूर्ण वसूल होईल.

खांबाचा पायच गेला असेल तर अख्खा खांब बदलू नका. कुजका भाग कापून त्याच जातीचं किंवा त्याच्याइतकंच कठीण वाळलेलं लाकूड लांब तिरक्या जोडाने बसवता येतं, बोल्ट टाकून. आणि तळाशी दगड, लाकूड मातीत टेकवायचंच नाही.

---

माळरान

वरचे दोन्ही प्रतिसाद सेव्ह करून ठेवलेत. मी तब्येतीच्या बाजूने थोडं लिहिते कारण लोक उत्साहाने झाडू घेऊन आत शिरतात आणि नेमकं तेच करायचं नसतं.

ताई, उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. त्यातून हंटा व्हायरससारखे आजार धुळीबरोबर श्वासात जातात. आधी दारं-खिडक्या उघडून निदान अर्धा तास हवा खेळू द्या आणि तेवढा वेळ तुम्ही बाहेर थांबा, मग १ भाग ब्लीच ९ भाग पाणी असं मिश्रण फवारून लेंड्या चांगल्या भिजवा, पाचेक मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून पुसून उचला. वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच, तिच्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसात जाते. माळ्यावरचं काळं गवतही हलकं पाणी मारून, एन-९५ मास्क लावून काढा, बुरशी लागलेल्या गवताच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार शेती करणाऱ्यांत खूप जुना आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय तेही आठवून बघा दोघांनी, १० वर्षं झाली असतील तर बूस्टर घ्या, जुन्या गोठ्यात गंजके खिळे पावलोपावली.

दुसरं, तो करडा सिमेंटचा पत्रा. जुना असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. नुसता शांत पडून असेल, फुटलेला नसेल तर लगेच धोका नाही, पण त्याला ड्रिल करणं, कापणं, तोडणं, प्रेशर वॉशरने धुणं हे सगळं बंद. तंतू दिसत नाहीत आणि आजार पुढे येतो तो २०-४० वर्षांनी. एक छोटा तुकडा ओला करून बंद पिशवीत घालून लॅबमध्ये तपासून घ्या आणि तुमच्याकडे काढण्याचे काय नियम आहेत ते आधी विचारा. त्यावर चढूही नका, जुना पत्रा माणसाच्या वजनाने सरळ फुटतो.

विहीर किंवा बोअर असेल आणि ती गोठ्याच्या उताराला असेल तर पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका, जिवाणू आणि नायट्रेट दोन्ही. नायट्रेटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून जिवाणू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं, लहान बाळाला तर फार धोकादायक. आणि शेणमुताची जुनी बंद टाकी किंवा कोरडी विहीर सापडली तर तिच्यात कोणीही उतरायचं नाही, पडलेलं काही काढायलाही नाही. आत विषारी वायू असतो किंवा हवाच नसते, एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो असं वारंवार घडलंय.

---

गुरंढोरं

सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण जमिनीबाबत मी थोडा वेगळा. जनावरं ठेवायची असतील तर काँक्रीटला उगाच वाईट म्हणू नका. मातीच्या जमिनीत मूत मुरतं, अमोनियाचा वास राहतो, खुरांना कायम ओल, जंतांचा त्रास जास्त. धुता येणारी जमीन असली की शेळ्या निरोगी राहतात हे मी रोज बघतो. ४ इंच काँक्रीट, खराट्याने रेघा मारून खरखरीत केलेलं, मोरीकडे १०० ला दीड-दोनचा उतार, त्यावर झोपायला कोरडा पेंढा. गुळगुळीत मात्र करू नका, जनावर घसरलं की पाय मोडतो. आणि वीज नवीन ओढा, जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली असणारच, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच, गुरांना विजेचा धक्का माणसापेक्षा कमी व्होल्टेजलाही लागतो.

---

ओळंबा

गुरंढोरं, शेळ्यांच्या बाजूला काँक्रीट मान्य. माझं म्हणणं एवढंच की भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग ओतू नका. खालची ओल वर यायला जागा राहिली नाही की ती बाजूला सरकून भिंतीत चढते, आणि इथे भिंती आधीच क्षारांनी भरल्यात. कडेने वीतभर रुंदीचा चर सोडून त्यात खडी भरा, मूत तिकडे न जाता मोरीकडे जाईल असा उतार ठेवा. वर्कशॉपच्या बाजूला मात्र काँक्रीटची गरजच नाही, खडीच्या थरावर फरशी चुन्यात बसवली तरी पुरे. आणि हे सगळं भिंती वाळल्यानंतर, या वर्षी नाही.

---

वळचण

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच खूप आधार वाटला. परवा जाऊन तासन्‌तास नुसतं बघत आणि ठोकत फिरलो. खांब एकूण बारा, त्यातले दहा खणखणीत, गळक्या कोपऱ्यातले दोन पायाशी मऊ, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तुळया चांगल्या वाटतायत. भोकं आहेत पण काळी, कागद लावून आलोय. जोत्यावर नळ्या नाहीत. पत्र्याचा तुकडा तपासायला देतोय, तोवर त्या बाजूला हात लावणार नाही. मागच्या बाजूची जमीन मात्र आतल्यापेक्षा चांगली फूटभर वर आहे, ओळंबा म्हणाले तेच.

एक नवीन प्रश्न. त्याच गळक्या कोपऱ्यात वर तुळईला पाकोळ्यांची चिखलाची घरटी आहेत, दोन जोड्यांची ये-जा चालू आहे. आणि माळ्याच्या टोकाला एक गव्हाणी घुबड बसलेलं दिसलं. यांना न हलवता काम कसं करायचं?

---

माळरान

पाकोळ्यांना घरटं तोडून हाकलू नका, चालू घरट्याला हात लावणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला तीनेक, फक्त कित्येकदा त्या लगेच दुसरी वीण घालतात त्यामुळे मधल्या काळात नीट बघा. घुबडाच्या खाली माळ्यावर काळ्या गोळ्या पडलेल्या असतील, केस आणि बारीक हाडांच्या, तर ते तिथेच राहतंय. त्याला राहू द्या, उंदरांचा बंदोबस्त तेच करेल आणि मग विष ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबड मरतं. छपर दुरुस्त करताना त्याची ये-जा करायची खिडकी बंद करू नका.

---

रंधा

दहा शाबूत म्हणजे फार उत्तम बातमी आहे, मी तर सात-आठ धरले होते.

पक्ष्यांमुळे काम अडत नाही. त्या कोपऱ्यावर बाहेरून ताडपत्री टाका, लोखंडी पत्र्यावरून, घरट्यांकडे यायची वाट मोकळी ठेवून, म्हणजे पाणी आजपासून बंद. दोन मऊ खांबांच्या दोन्ही बाजूंना टेकू द्या, तुळईचं वजन टेकूवर घ्या, पण खांब कापू नका अजून. तोवर दुसऱ्या टोकाचे धिरे, पन्हळ आणि मागची जमीन उकरणं करून घ्या, त्यातच तुमचे बरेच दिवस जातील. पिल्लं उडाली की खांबांचे पाय बदलायचे. जोडासाठीचं लाकूड मात्र आत्ताच आणून सावलीत, खाली पट्ट्या ठेवून रचून ठेवा, ओलं लाकूड बसवलं तर ते नंतर आक्रसतं आणि जोड सैल होतो.

ओळंब्याची मापं घेतलीत का? चारही खांबांची, वर किती खाली किती आणि कुठल्या दिशेला, ती इथे टाका. झुकाव सगळ्यांचा एकसारखा असेल तर चेनब्लॉक एका ओळीत लावता येतील, पण त्या दोन मऊ खांबांकडेच जास्त असेल तर आधी तो कोपरा उचलावा लागेल आणि बाकीचे कदाचित आपोआप बरेच सरळ होतील.